उभे राहिलेले विमान की उडत राहिलेले?

जुने छोटे विमान थेट मालकाकडून घ्यायचे ठरवले, की शोध बहुधा दोन प्रकारच्या विमानांपाशी येऊन थांबतो. पहिले ४० वर्षांचे असूनही एकूण १,८०० तासच उडालेले असते. त्याच्या इंजिनाचे ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणे) १५ वर्षांपूर्वी झालेले असते आणि त्यानंतर ते जेमतेम ३०० तास चाललेले असते. दुसरे त्याच मॉडेलचे, पण ७,००० तासांचे आणि बरीच वर्षे प्रशिक्षणात राबलेले; ओव्हरहॉलनंतरच्या ५ वर्षांत ते १,३०० तास उडाले आहे आणि आजही दर आठवड्याला हवेत जाते. दोन्ही सेस्ना १७२ आहेत आणि दोन्हींना चार सिलिंडरचे लायकमिंग ओ-३२० इंजिन आहे, असे धरून चालू. जाहिरातीत पहिले देखणे दिसते आणि त्याचा मालक किंमतही त्याच तोऱ्यात सांगतो. माझा कौल मात्र दुसऱ्याला आहे, आणि त्याचे मुख्य कारण इंजिनाच्या पोटात आहे.

लायकमिंगच्या शिफारशीनुसार या इंजिनाचे ओव्हरहॉल २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा करायचे असते. विक्रेते तासांचा आकडा ठळक छापतात आणि वर्षांविषयी मौन बाळगतात. कागदावर पहिल्या इंजिनात १,७०० तास शिल्लक दिसत असले, तरी वर्षांच्या हिशेबाने त्याची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपलेली आहे. खाजगी वापरात ही मुदत पुष्कळ ठिकाणी बंधनकारक नसते, त्यामुळे विमान कायदेशीररीत्या उडू शकते. पण म्हणून ते शिल्लक तास खरे ठरत नाहीत. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, क्रँकशाफ्टच्या, वर बसवलेला असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्यावरचे तेल निथळून खाली जाते, आतल्या दमट हवेतले पाणी उघड्या पोलादावर धरते आणि गंज चढतो. पुढे इंजिन नियमित चालू लागले की गंजाने पडलेले ते बारीक खड्डे टॅपेटचा (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाचा) पृष्ठभाग खरवडू लागतात आणि तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचा चुरा येऊ लागतो.

‘उडवत नसलो तरी दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू करतो,’ हे वाक्य अशा मालकांकडून हमखास ऐकू येते, तेही अभिमानाने. वास्तविक जमिनीवर थोडा वेळ चालवलेल्या इंजिनातले तेल पाणी उडून जाण्याइतके तापत नाही. उलट ज्वलनातून तयार झालेली वाफ आतच थिजते आणि तेलात मिसळते. असे दर रविवार करण्यापेक्षा इंजिन मुळीच न चालवलेले बरे.

यातली अडचण अशी की नेहमीच्या तपासणीत हा दोष सापडत नाही. काँप्रेशन चाचणीत सिलिंडरमध्ये ८० पीएसआय (दर चौरस इंचाला ८० पौंड) दाबाची हवा सोडून त्यातली किती टिकते ते पाहतात. त्यातून रिंगा आणि व्हॉल्व्ह यांची स्थिती कळते, कॅमची नाही. त्यामुळे चारही सिलिंडर ८० पैकी ७६ दाखवत असतानाही कॅम गंजलेला असू शकतो. तो नीट पाहायचा तर एखादा सिलिंडर उतरवावा लागतो आणि परक्या ग्राहकासाठी कोणता मालक ते सहजासहजी करू देईल? नकार आला तर त्याच्याशी वाद घालू नये. इंजिन ओव्हरहॉलला आले आहे असे समजून तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी.

एअरफ्रेमच्या, म्हणजे इंजिन सोडून उरलेल्या सांगाड्याच्या, बाबतीत पारडे पहिल्याकडे झुकते. प्रशिक्षणातल्या विमानाने हजारो लँडिंग सोसलेली असतात आणि त्यांतली काही पुढच्या चाकावर आदळलेली असतात. १७२ मध्ये हा मार थेट फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर, बसतो. इंजिनाचे काऊलिंग (वरचे झाकण) उतरवून पुढच्या चाकाचा दांडा जिथे जोडलेला आहे तिथे टॉर्च आडवी धरली, तर पत्र्यावरची सुरकुती सावलीने उठून दिसते. रिव्हेटच्या कडेने काळपट डाग ओघळलेला असेल, तर तो रिव्हेट सैल होऊन हलतो आहे असे समजावे. सीटचे रूळही हाताने चाचपावेत, कारण सीट जागी अडकवणाऱ्या खिळीची भोके झिजली असतील तर उड्डाण घेताना सीट मागे सरकते, आणि अशा घटनांमुळेच त्यांच्या तपासणीचे सक्तीचे निर्देश निघालेले आहेत. अर्थात उभ्या विमानाचा सांगाडा अगदी निर्धोक असतो असेही नाही: पंखात उंदरांची घरटी, त्यांच्या मुताने कुरतडलेले ॲल्युमिनियम आणि कडक झालेल्या रबरी नळ्या तिथेही निघतात.

कागदपत्रांत मात्र दोन्हींना एकच माप लावावे. एअरफ्रेम, इंजिन आणि प्रॉपेलर यांची लॉगबुके पहिल्या पानापासून हवीत. मधली काही वर्षे गायब असतील, तर विमानाचे मोल त्या प्रमाणात घसरते. नोंदणीवरचा मालक आणि समोर बसलेला विक्रेता एकच आहे का, विमानावर कर्जाचा बोजा आहे का, हे इसार देण्याआधी पाहावे. खाजगी व्यवहारात पुढे दाद मागायला कोणी नसते. तपासणीसाठी त्या विमानावर कधीच काम न केलेला मेकॅनिक निवडावा. मालकाच्या माणसाने गेल्याच महिन्यात केलेली वार्षिक तपासणी याला पर्याय नव्हे.

पहिले विमान घ्यावे अशी वेळ दोनच परिस्थितींत येते: कोरड्या हँगरमध्ये, संरक्षक तेल भरून इंजिन रीतसर साठवल्याची नोंद लॉगबुकात असेल तर, किंवा मालक ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च किमतीतून सोडायला तयार असेल तर. दुसऱ्या अटीवर घेतलेले १,८०० तासांचे एअरफ्रेम ओव्हरहॉल केलेल्या इंजिनासह पुढची बरीच वर्षे पुरते, मात्र ओव्हरहॉलच्या रांगेत काही महिने विमानाविना काढायची तयारी हवी. यांतले काहीच जुळत नसेल, तर दुसऱ्याची फायरवॉल सरळ आहे याची खात्री करून त्याचाच इसार द्यावा आणि उरलेल्या ७०० तासांनंतर येणाऱ्या ओव्हरहॉलसाठी पहिल्या उड्डाणापासून दर तासामागे रक्कम बाजूला काढायला लागावे.