बोन्सायची पहिली हत्यारं: कार्बन स्टील की स्टेनलेस?

बोन्साय सुरू करताना पहिलं कन्फ्युजन हेच, काळी कार्बन स्टीलवाली घ्यायची की चकचकीत स्टेनलेस. कार्बनवाली स्वस्त पडतात, धार मस्त लागते आणि बोथट झाली तर घरी दगडावर परत लावता येते, पण मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात ओली ठेवलीत तर गंज चढलाच म्हणून समजा, म्हणजे दरवेळी पुसा, तेलाचा हात फिरवा (जपानमध्ये कॅमेलियाचं तेल वापरतात, आपलं शिलाई मशीनचंही चालतं). स्टेनलेसला एवढे लाड लागत नाहीत. पण चांगलं स्टेनलेस महाग, आणि स्वस्तातलं म्हणजे नुसती चमक, धार लगेच जाते. वड-पिंपळाचा चीक मात्र दोन्हींना सारखाच चिकटतो.

खरा पैसा कॉन्केव्ह कटरवर घाला, तो फांदी जरा खोलगट कापतो म्हणून जखम भरली की गाठ उरत नाही. घेताना मिटून उजेडासमोर धरा, पात्यांमधून उजेड दिसला तर सरळ परत ठेवा. दहा-बारा नगांचा सेट वगैरे सध्या नकोच. मी तर म्हणेन कार्बनचीच एक कात्री आणि एक कटर घ्या, पुसायचा अगदीच कंटाळा असेल तर स्टेनलेस.