ताई, मी आणि ८० डॉलर्सचा पास: अमेरिकेच्या ईशान्येत वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये, म्हणजे २०२५ साली, ताईने आणि मी मिळून ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ हा वार्षिक पास घेतला. केंद्र सरकारच्या नॅशनल पार्क, नॅशनल फॉरेस्ट अशा ठिकाणी तो दाखवला की वेगळं प्रवेशशुल्क पडत नाही. ताई बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहते, मी न्यू जर्सीत एडिसनला. “हा पास युटाह-ॲरिझोनाकडच्या लोकांनी घ्यावा, आपल्या इकडे नॅशनल पार्क आहेतच किती?” असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं होतं. त्यात तथ्य आहे. तरीही आमचे पैसे वसूल झाले, आणि का झाले ते नीट सांगावंसं वाटतं, कारण आपल्यापैकी अनेकांची भावंडं अशीच दोन राज्यांत विखुरलेली असतात.

आमच्या कार्डामागे दोन सह्यांची जागा आहे. आम्ही घेतला तेव्हा एका पासाचे दोन मालक चालत होते, आणि ते नवरा-बायको असावेत किंवा एका घरात राहावेत अशी अट नव्हती. ज्याच्या हातात कार्ड, त्याने फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं. शुल्क गाडीमागे असेल तिथे गाडीतली सगळी माणसं आत जातात. शुल्क माणशी असेल तिथे पासवाला धरून चार मोठी माणसं. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तसंही काही पडत नाही, त्यामुळे भाचरं कायम फुकटात. अडचण एवढीच की मालक दोन असले तरी कार्ड एकच. जुलैत ताईने ते मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडच्या समुद्रकिनाऱ्यांसाठी ठेवून घेतलं आणि नंतर माझ्याकडे पाठवलं. हरवलं तर बदलून मिळत नाही, म्हणून पाठवताना ट्रॅकिंग घ्याच.

पास खऱ्या अर्थाने कामी आला तो सप्टेंबरात, आम्ही दोघंच गाडी घेऊन निघालो तेव्हा. लग्नं झाल्यापासून आम्ही दोघांनीच असा प्रवास केला नव्हता. वाट साधारण अशी: फ्रेमिंगहॅमहून न्यू हॅम्पशायर, तिथून मेन राज्यात अकेडिया नॅशनल पार्क, आणि परतताना किनाऱ्याने खाली.

न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समधून जाणारा कँकामॅगस हायवे सुमारे ३४ मैलांचा आहे. वाटेत पेट्रोल पंप नाही, म्हणून कॉनवेला किंवा लिंकनला टाकी भरून घ्यावी. हे जंगल नॅशनल फॉरेस्टमध्ये येतं, त्यामुळे पास चालतो. सॅबाडे फॉल्स, रॉकी गॉर्ज, लिंकन वुड्स अशा ठिकाणी दिवसाचे ५ डॉलर्स असतात. रक्कम किरकोळ आहे, पण फरक पैशांपेक्षा मनाला पडतो. ताई “थांब, थांब, इथे पाण्याचा आवाज येतोय” म्हणाली की मी गाडी बाजूला घेत होतो. पास नसता तर सुटे पैसे शोधून लिफाफ्यात घालून पेटीत टाकायच्या खटपटीत आम्ही निम्म्या जागा सोडून दिल्या असत्या. कार्ड काचेतून दिसेल असं ठेवावं लागतं. डॅशबोर्डवर नुसतं ठेवलं की वळणावर सरकून काचेच्या फटीकडे जातं. आरशाला अडकवायचा हँगटॅग मागून घ्या, तो फुकट मिळतो.

थोडी वाकडी वाट करून आम्ही कॉर्निशला गेलो. तिथे शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचं घर आणि बाग नॅशनल पार्क सर्व्हिसने जपली आहे. माणशी १० डॉलर्स, पासावर आम्ही दोघंही आत. बॉस्टनमध्ये स्टेट हाउससमोर कर्नल शॉ आणि ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचं जे उठावशिल्प आहे, त्याचीच नंतर सुधारलेली प्रत या बागेत आहे. यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेली ही कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण. बॉस्टनचं शिल्प १८९७ साली उभं राहिलं, त्याआधी सेंट-गॉडन्स यांनी त्यावर दशकाहून अधिक काळ घालवला होता. ताईचं ऑफिस बॉस्टनला, पण गर्दीत तिथून ती कायम घाईने पुढे जाते. इथे हिरवळीवर ती एकेका सैनिकासमोर थांबली. प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे: एकाला दाढी, तर दुसरा अगदी कोवळा पोरगा. नॅशनल पार्क म्हटलं की आपण डोंगरच शोधतो, म्हणून ही जागा मुद्दाम सांगतोय.

अकेडियाला गाडीमागे सात दिवसांचे ३५ डॉलर्स लागतात, ते पासात येतात. कॅडिलॅक माउंटनवर गाडी न्यायचे ६ डॉलर्स मात्र पास असूनही वेगळे, आणि साधारण मेअखेर ते ऑक्टोबर या काळात आधी आरक्षण करावं लागतं. ३० टक्के जागा ९० दिवस आधी खुल्या होतात, उरलेल्या ७० टक्के दोन दिवस आधी सकाळी दहाला. ताईने दहाच्या ठोक्याला फोन हातात धरून आम्हाला सूर्योदय मिळवून दिला. ‘अमेरिकेतला पहिला सूर्योदय इथे’ असं सगळे सांगतात, ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतच खरं आहे. सप्टेंबरातही गुलाबी ग्रॅनाइटवर बसून खालची बेटं उजळताना पाहणं सुंदरच होतं.

पण मला त्याहून आवडले ते कॅरेज रोड. जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी बांधून घेतलेले हे ४५ मैलांचे खडीचे रस्ते, मोटारींना बंदी. कडेला कठड्यासारखे ओबडधोबड दगड रोवलेत, त्यांना लोक ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. जॉर्डन पाँडपासून आम्ही तासन्‌तास चाललो आणि साताऱ्याच्या घरापासून आईच्या गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून झालं. हे बोलणं फोनवर होत नाही.

अकेडियातच थंडर होल ही खडकातली घळ आहे, लाटा आत आदळल्या की गडगडाट होतो. तिथे भरतीच्या तास-दोन तास आधी जा. एरवी नुसतं पाणी दिसतं, आवाज येत नाही.

पास कुठे चालत नाही, तेही ऐका. फ्लूम गॉर्ज न्यू हॅम्पशायर राज्याचं, माउंट वॉशिंग्टनचा ऑटो रोड खासगी, नायगारा आणि वॉटकिन्स ग्लेन न्यूयॉर्क राज्याचं. ईशान्येत बहुतेक देखणी ठिकाणं स्टेट पार्कच आहेत. तुमची भटकंती न्यूयॉर्कपुरती असेल तर त्यांचा एम्पायर पास पाहा, हा घेऊ नका. केप कॉडलाही फक्त नॅशनल सीशोअरचे किनारे: कोस्ट गार्ड, मार्कोनी, रेस पॉइंट वगैरे. तिथे उन्हाळ्यात गाडीमागे दिवसाला २५ डॉलर्स लागतात. गावांचे स्वतःचे किनारे वेगळे. म्हणजे अकेडियाची एक फेरी आणि केप कॉडचे दोन दिवस धरले की ८५ डॉलर्स होतात आणि पास तिथेच फिटतो. या दोन्हींपैकी एकच करणार असाल, तर सुटं तिकीट बरं.

१ जानेवारी २०२६पासून नियम बदललेत. अमेरिकेतल्या रहिवाशांना पास ८० डॉलर्सलाच आहे, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी तो २५० डॉलर्सचा झालाय. शिवाय ठरावीक ११ पार्कांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर्स जादा, आणि त्या यादीत अकेडिया आहे. भारतातून आईवडील येणार असतील तर निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर त्यांचा हिशेब पाहूनच बेत आखा. आता फोनवरचा डिजिटल पासही मिळतो.

घ्यायचाच असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्या. मुदत पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते, म्हणजे जवळजवळ तेरा महिने मिळतात. आमचा ३० जूनपर्यंत आहे. केप कॉडची शुल्कवसुली जूनच्या उत्तरार्धात सुरू होते, तेव्हा त्या आठवड्यात ताईकडे जायचं ठरलंय.