चंपी 60 रुपये, क्रियापद फुकट

कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्याच्या अलीकडं दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. पाटी उन्हानं इतकी विटलीय की नाव मलाही लागत नाही. चालवणारा माझा जुना विद्यार्थी. इंग्रजीत त्याला मी काठावर पास केलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. कौतुक जास्त वाटलं तर तेवढं वजा करून घ्या.

तिथं जायला निमित्त झालं दुसऱ्याच एका एसी सलूनचं. नाव घेत नाही. पोरानं वाढदिवसाला कूपन दिलं म्हणून गेलो. दरपत्रकावर 'हेड मसाज 350' आणि खाली 'शॅम्पू 150'. तिथल्या मुलानं चार मिनिटं डोक्यावरून बोटं फिरवली, पोळीला तूप लावावं तशी, आणि मग केस धुतले. कूपन फक्त कटिंगला लागू, बाकीचे पाचशे खिशातले. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाकडून एकाच क्रियापदाचे दोनदा पैसे घेतले, हे मात्र सोसवेना.

कारण 'शॅम्पू' मुळात क्रियापद, आणि त्याचा अर्थच चेपणे, रगडणे. हिंदीत 'चांपना', त्याचं आज्ञार्थी रूप 'चांपो', म्हणजे 'चेपा!' साहेबानं तो हुकूमच धातू म्हणून उचलला. इंग्रजीत हा शब्द 1762 च्या सुमारास दिसतो, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं त्याचा फेसाशी काही संबंध नाही. केस धुण्याचा अर्थ चिकटला 1860 च्या आसपास. बाटलीतला शॅम्पू त्याच्याही नंतरचा.

हे सगळं मी माझ्या विद्यार्थ्याला त्याच्या खुर्चीत बसून सांगत होतो. त्यानं तेलाची बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवलेली. आधी दोन्ही अंगठे मानेच्या खळीत, तिथून कवटीच्या कडेकडेनं कानामागं. मग टाळूवर तळवा दाबून गोल फिरवणं. शेवटी दोन्ही हातांची बोटं गुंतवून पोकळ टाळी, डोक्यावर टक् टक् टक्. मानेचा कडाका काढायला सांगितलं तर ठाम नकार. "वय झालंय सर तुमचं, उगं काय झालं तर?" ह्याला मी पैकीच्या पैकी देतो.

मधेच मी त्याला शेख दीन मोहम्मदची गोष्ट सांगितली. पाटण्यात 1759 साली जन्मलेला हा माणूस कंपनीच्या फौजेतल्या साहेबाबरोबर विलायतेला गेला. 1810 मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाण्याचं हॉटेल काढलं, ते बुडालं. मग 1814 मध्ये ब्रायटनला समुद्रकाठी वाफेचं स्नानगृह काढलं आणि गिऱ्हाइकांना 'शॅम्पू' करायला लागला. सांधे धरलेले, कंबर गेलेले बडे लोक यायचे. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, दोन्ही राजांचा तो 'शॅम्पूइंग सर्जन' झाला. गिऱ्हाईक वाफेत फ्लॅनेलच्या तंबूत बसायचं, तंबूला बाह्या शिवलेल्या, आणि हा बाहेरून त्या बाह्यांत हात घालून अंग रगडायचा.

टक् टक् थांबलं. "कापडातनं? मग नस कशी घावायची त्याला?"

"अंदाजानं," मी म्हटलं.

"अंदाजानं न्हाई सर. अंगठ्याला दिसतंय." आणि त्यानं डाव्या कानामागं अशी एक जागा दाबली की माझा पुढचा इतिहास घशातच राहिला.

राजवैभव सोडा, इथं काय काय कमी आहे तेही लिहितो. आरशाचा पारा उडालाय, स्वतःचं अर्धंच तोंड दिसतं. टीव्ही कायम कुस्तीवर, आणि डाव रंगला की हात मंदावतो. रविवारी जाऊ नका, तालमीची पोरं दाढी-कटिंगला रांग लावून असतात. टॉवेल घरचा न्या. त्याचा धुतलेला असतो, पण वाळलेला असेलच असं नाही.

कटिंग 100, चंपी 60. निघताना म्हणाला, "सर, तेल लई झालंय, घरी गेल्यावर तेवढा शॅम्पू करा." आत्ता तूच केलास ना, असं म्हणणार होतो, पण मागं दोघं थांबले होते.