होमब्रू, पिप की डेबियन? सोलापुरात बसून पहिलं योगदान कुठे द्यावं

ओपन सोर्समध्ये काम करायचं ठरलंय, पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं उतरवून बसवणारं साधन, हा विषयही पक्का झालाय, आता अडलंय ते कुठल्या प्रकल्पाचं दार ठोठवायचं यावर. सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांशी बोलताना हा प्रश्न माझ्यापर्यंत ‘होमब्रू बरं की पिप?’ याच रूपात येतो. त्याआधी एक गोष्ट स्वतःशी ठरवा: पॅकेज बांधायचीत की पॅकेज हाताळणारं साधनच उघडून दुरुस्त करायचंय? पूर्व भागातल्या कारखान्यात माग चालवणारा वेगळा आणि बिघडलेला माग उघडून बसणारा जॉबर वेगळा. इथेही तसंच आहे, आणि हे ठरलं की प्रकल्पाची निवड बरीच सोपी होते.

होमब्रू हे पॅकेज हाताळणारं साधन मॅक्स हॉवेल यांनी २००९ मध्ये मॅकसाठी सुरू केलं. त्यामुळे ‘आपल्याकडे कुठे मॅक आहे’ म्हणून इथली बरीच मुलं आधीच मागे सरतात. सरू नका. २०१९ च्या २.० आवृत्तीपासून ते लिनक्सवर अधिकृतपणे चालतं, विंडोजच्या डब्ल्यूएसएलमध्येही (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) चालतं. मॅकवरची चाचणी प्रकल्पाच्या सीआय यंत्रांवर, म्हणजे प्रत्येक बदल बांधून तपासणाऱ्या यंत्रांवर, आपोआप होते. प्रत्येक पॅकेजची कृती रुबीतल्या एका छोट्या फाइलमध्ये असते, तिला फॉर्म्युला म्हणतात. सोर्स कुठून आणायचा, त्याचा एसएचए-२५६ (उतरलेली फाइल तीच आहे हे पडताळणारा आकडा) काय, कोणती इतर पॅकेजं लागतात, बांधायचं कसं आणि शेवटी बांधलेलं चालतं का हे पाहणारी चाचणी, एवढाच ऐवज. रुबी येत नसली तरी दहा फॉर्म्युले वाचले की हात बसतो.

‘आवृत्तीचा आकडा बदलून पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल आत घ्या अशी विनंती) टाका’ हा सल्ला मात्र आता जुना झालाय. असंख्य फॉर्म्युल्यांच्या नव्या आवृत्त्या बॉटच आणतो आणि तिथे माणसाने पाठवलेला तोच बदल नको असतो. माणसाची गरज उरते ती बिल्ड फुटतं तिथे. मॅकवर बांधलं जातं पण लिनक्सवर लिंक होत नाही, एखादी लायब्ररी जाहीर करायची राहिलीय, चाचणी फक्त आवृत्ती छापून मोकळी होते आणि प्रोग्राम चालतो का हे तपासतच नाही. लिनक्सच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला ही जागा मोकळी आहे, आणि कंपायलर, लिंकर, पाथ या गोष्टी इथे जशा कळतात तशा कुठल्याच पाठ्यपुस्तकातून कळत नाहीत. बदल नीट असेल आणि सीआय हिरवा असेल तर तो लवकर आत जातो. पहिल्या खेपेला हा वेग फार मोलाचा असतो.

एक अडचण आधीच सांगतो. फॉर्म्युल्यांच्या रेपॉझिटरीचा, म्हणजे त्या फाइलींच्या साठ्याचा, पूर्ण गिट इतिहास एक जीबीच्या पुढे जातो. २०२३ च्या ४.० पासून नुसतं वापरणाऱ्याला तो उतरवावा लागत नाही, योगदान देणाऱ्याला लागतो. घरी मोबाइलचा हॉटस्पॉट असेल तर हे एकदाच कॉलेजच्या वायफायवर उरका.

पिप म्हणजे जॉबरचं काम. २००८ मध्ये इयन बिकिंग यांनी लिहिलेलं, पायथनची पॅकेजं बसवणारं हे साधन २०१४ च्या पायथन ३.४ पासून पायथनबरोबरच येतं, म्हणून त्यातला लहानसा बदलही जगभरच्या सर्व्हरांवर पोहोचतो. २०२० च्या २०.३ आवृत्तीत त्याचा रिझॉल्व्हर, म्हणजे कुठल्या पॅकेजला कोणती इतर पॅकेजं आणि आवृत्त्या लागतात हे जुळवणारा भाग, बदलला. आधीचा रिझॉल्व्हर परस्परविरोधी आवृत्त्याही बसवून मोकळा व्हायचा. नवा रिझॉल्व्हर विरोध आला की मागे फिरून दुसरी आवृत्ती तपासतो, आणि जुळणी होतच नसेल तर तसं सांगून थांबतो. अल्गोरिदमच्या पेपरात शिकलेलं बॅकट्रॅकिंग रोजच्या वापरात पाहायचं असेल तर हा कोड वाचाच, योगदान दिलं नाही तरी चालेल.

इथली शिस्त कडक आहे. बदलासोबत न्यूज फोल्डरमध्ये इश्यूच्या (नोंदवलेल्या तक्रारीच्या) क्रमांकाची छोटी नोंद द्यावी लागते. ‘व्हेंडर’ फोल्डरमधल्या, इतर प्रकल्पांतून आणलेल्या लायब्रऱ्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यातली चूक त्या-त्या मूळ प्रकल्पात जाऊन दुरुस्त करायची. तपासणारे स्वयंसेवक मोजके, आवृत्ती साधारण तीन महिन्यांनी येते, आणि तुमची पुल रिक्वेस्ट कित्येक आठवडे उत्तराविना पडून राहू शकते. कॅम्पस मुलाखती तोंडावर आल्यात आणि हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना हातात दाखवण्याजोगं काही हवंय, तर पिपवर विसंबू नका. इथलं खरं पहिलं काम म्हणजे जुने इश्यू घेऊन ते आज घडतात का हे तपासणं आणि घडवून आणणाऱ्या नेमक्या पायऱ्या लिहिणं. त्याचं स्वागत होतं, आणि नाव ओळखीचं होतं.

तिसऱ्या वर्षातल्या, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलेल्या मुलामुलींना मी होमब्रू सांगतो. पायथन रोज लिहिणाऱ्या आणि नोकरीत स्थिरावलेल्या माणसाला पिप. निक्सपॅकेजेस या आणखी एका पॅकेजसंग्रहाबद्दलही विचारणा होते. तिथे पॅकेजं अफाट आहेत, पण आधी निक्स ही स्वतंत्र भाषा शिकावी लागते, म्हणून पहिल्या पायरीला नको.

डेबियन हे लिनक्सचं वितरण होमब्रू आणि पिप या दोन्हींपेक्षा वेगळ्या स्वभावाचं. १९९३ पासून चालू आहे, बगचा सारा व्यवहार ईमेलवर होतो, आणि नवं पॅकेज द्यायचं तर अधिकार असलेला एखादा डेव्हलपर तुमच्यासाठी ते अपलोड करायला तयार व्हावा लागतो. पुढे स्वतः अपलोड करण्याचा हक्क हवा असेल तर तुमच्या जीपीजी चावीवर, म्हणजे तुमच्या डिजिटल ओळखीवर, सहसा डेबियन डेव्हलपरांची सही लागते. सोलापुरात असा माणूस सहज भेटत नाही, त्यासाठी पुणे-मुंबई किंवा एखादी परिषद गाठावी लागते. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि तिच्याआधी ‘फ्रीझ’ लागला की नवं काही आत जात नाही. घाईच्या माणसाला हे मानवणार नाही, पण चार-पाच वर्षं टिकून राहणाऱ्याला इथे खरी जबाबदारी मिळते.

आणि डेबियनमध्ये एक काम असं आहे जे बॉट करू शकत नाही आणि मराठी न येणारा कितीही मोठा प्रोग्रॅमर करू शकत नाही. डेबियनमध्ये पॅकेजं बसवणाऱ्या एपीटी आणि डीपीकेजी या दोन्ही साधनांत मराठी संदेशांच्या पीओ फाइली (भाषांतराच्या फाइली) आहेत, पण त्या जुन्या आहेत. त्यासाठी सी प्लस प्लस यावं लागत नाही, डेटाही नगण्य लागतो. फाइल पोएडिट या भाषांतराच्या प्रोग्राममध्ये उघडा आणि ‘फझी’ खूण असलेल्या ओळींपासून सुरुवात करा, म्हणजे जिथे मूळ इंग्रजी वाक्य बदललंय पण मराठी मागेच राहिलंय. टक्क्याच्या खुणा आणि चलांची नावं जशीच्या तशी ठेवा, एमएसजीएफएमटी या आज्ञेने फाइल तपासा आणि ‘एल१०एन’ (स्थानिकीकरण) व ‘पॅच’ हे टॅग लावून बग म्हणून ईमेलने पाठवा.