हाफ मून बेची भोपळ्यांची जत्रा, आणि घारग्यांना चालणारा भोपळा

ऑक्टोबर उजाडला की सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे भागातल्या, म्हणजे बे एरियातल्या, मराठी घरांत विचारणा सुरू होते, समुद्रकाठच्या हाफ मून बे गावी भोपळ्यांच्या जत्रेला यंदा जायचं का आणि कुठल्या दिवशी. मुलं लहान असतील तर जत्रेचा शनिवार-रविवार सोडा आणि मधल्या वारी भोपळ्यांच्या शेतावर जा. मुलं दहाच्या पुढची असतील, गर्दीत चालायची तयारी असेल, तर जत्रा एकदा तरी बघाच. पण सकाळी नऊला तिथे पोचणार असाल तरच. अकराला पोचलात तर दिवसातला निम्मा वेळ गाडीत जाईल.

जत्रेचं नाव ‘आर्ट अँड पम्पकिन फेस्टिव्हल’. गावाच्या मेन स्ट्रीटचं रूप सुधारायला पैसे उभे करावेत म्हणून 1971 साली ती सुरू झाली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी असते, त्यानंतरच्या शनिवार-रविवारी सकाळी नऊ ते पाच जत्रा भरते. प्रवेशाला पैसे नाहीत. मेन स्ट्रीट गाड्यांना बंद असतो आणि दोन्ही बाजूंनी कलाकारांचे स्टॉल लागतात: मातीची भांडी, काच, लाकूडकाम, दागिने. माल चांगला असतो, पण हस्तकलेच्या भावाने. पाच-दहा डॉलरची आठवणवस्तू शोधणाऱ्याची निराशा होते. शनिवारी दुपारी बाराला मिरवणूक निघते. ती हवी असेल तर साडेअकरालाच जागा धरा, नंतर लहान मुलांना माणसांच्या पाठी सोडून काही दिसत नाही.

जत्रेचं खरं आकर्षण म्हणजे रस्त्यावर मांडलेले अवाढव्य भोपळे. त्यांचं वजन आदल्या सोमवारी, म्हणजे कोलंबस डेला, सकाळीच होतं. ही स्पर्धा 1974 पासून चालू आहे. 2023 मध्ये मिनेसोटाच्या अनोका गावातले ट्रॅव्हिस गिएंगर यांनी 2,749 पौंडांचा, म्हणजे सुमारे 1,247 किलोंचा भोपळा आणला आणि तो त्या वेळचा विश्वविक्रम ठरला. एवढं धूड त्यांनी तीन हजारांहून जास्त किलोमीटर रस्त्याने आणलं होतं. पुढच्या वर्षीही तेच जिंकले, 2,471 पौंडांवर. सोमवारची सुट्टी असेल तर जत्रेपेक्षा हे वजन बघणं आम्हाला जास्त आवडतं. गर्दी त्या मानाने कमी असते, आणि पट्ट्यांत अडकवलेला भोपळा यंत्राने उचलून काट्यावर ठेवेपर्यंत सगळे श्वास रोखून बघत असतात. साल फुटून चीर आतल्या पोकळीपर्यंत गेली असेल तर भोपळा बाद. भरात असताना या जातीचं फळ दिवसाला वीस किलोपर्यंत वाढतं, आणि पाणी कमी-जास्त झालं की साल त्या वेगाला पुरी पडत नाही, तडकते. जातीचं नाव ‘अटलांटिक जायंट’. खायला मात्र काही नाही. गर पाणचट आणि बेचव.

आता रस्ता. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँटकडून येणाऱ्यांचा नेहमीचा मार्ग म्हणजे 92 नंबरचा हायवे. 280 नंबरचा हायवे ओलांडल्यावर तो डोंगरातून वळणावळणाने उतरतो, बहुतेक ठिकाणी जाण्या-येण्याला एकेकच पट्टा, आणि भोपळ्यांची बरीच शेतं याच रस्त्याला लागून आहेत. म्हणजे जत्रेला जाणारे, शेतात वळणारे आणि समुद्रावर निघालेले सगळे एकाच रांगेत. ऑक्टोबरातल्या कुठल्याही शनिवारी दहाच्या पुढे ही रांग लागते, आणि जत्रेच्या दिवशी तर ती हलतच नाही. सॅन फ्रान्सिस्कोकडून येणाऱ्यांनी पॅसिफिका गावावरून 1 नंबरचा हायवे धरावा. 2013 साली डेव्हिल्स स्लाइड या कड्याजवळचे बोगदे सुरू झाल्यापासून तिथे दरड कोसळून रस्ता बंद होण्याची भीती राहिलेली नाही. दक्षिणेकडच्यांना तिसरा मार्ग आहे: वुडसाइडवरून 84 ने ला होंडा, तिथून सॅन ग्रेगोरिओ, मग समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला. अंतर जास्त आणि वळणं भरपूर, त्यामुळे गाडी लागणाऱ्या मुलांना घेऊन नको. पण परतीला दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान 92 तुंबलेला असताना हाच रस्ता सोडवतो. पार्किंगसाठी रोख पैसे जवळ ठेवा. आणि गाडी गावाबाहेर पडायच्या दिशेने तोंड करून लावता आली तर लावा, निघताना वीस मिनिटं वाचतात.

हवेचं थोडक्यात. ऑक्टोबर हा या किनाऱ्याचा सगळ्यात चांगला महिना, उन्हाळ्यातलं धुकं बरंचसं ओसरलेलं असतं. तरी सकाळी नऊला स्वेटर लागतो, बाराला ऊन चटका देतं आणि चारला वारा सुटून परत स्वेटर. सॅन होजेच्या हवेवर जाऊन अर्ध्या चड्डीत आलेली मुलं हमखास कुडकुडतात.

शेतांचं सांगायचं तर, 92 वरचं लेमोस हे लहानग्यांचं शेत. छोटी आगगाडी, तट्टू, शेळ्या-मेंढ्यांना चारा घालायची सोय. तीन ते सात वर्षांच्या मुलांचे दोन-अडीच तास सहज जातात. गावाच्या दक्षिणेला 1 नंबरच्या हायवेवर अराता आहे, तिथला गवताच्या गठ्ठ्यांचा भुलभुलैया चांगला मोठा आहे आणि आठ-दहा वर्षांची मुलं त्यात मनापासून रमतात. धुळीचा किंवा गवताचा त्रास असणाऱ्यांनी मात्र बाहेरच थांबावं, आत काडीकचरा उडतो. दोन्हीकडे भोपळा आणि खेळणी यांचे पैसे वेगळे, आणि खेळण्यांचा खर्च भोपळ्याच्या कितीतरी पुढे जातो; मुलांना गाडीतून उतरायच्या आधीच ‘दोन खेळणी, एक भोपळा’ असं ठरवून सांगितलेलं बरं. मधल्या वारी सगळी खेळणी चालू असतीलच असं नाही, तेवढं निघण्याआधी विचारून घ्या. आणि अशा शेतांवर जमिनीवर मांडलेले सगळेच भोपळे तिथेच पिकलेले नसतात. जवळपास वाळलेला वेल, त्याचे तणावे, कापलेल्या देठाचे बुडखे दिसले तर माल तिथलाच. नुसत्या पेंढ्यावर ओळीने मांडलेला असेल तर बाहेरून आणलेला असू शकतो. त्याने चवीत फार फरक पडत नाही, पण ‘वेलीवरून तोडलेला’ म्हणून जास्त पैसे देऊ नका.

खरी चूक होते ती भोपळा निवडताना. लोक मोठा, गोल, गडद केशरी भोपळा उचलतात आणि घरी आणून त्याची भाजी करायला बसतात. तो कोरण्याचा भोपळा, बहुतेक वेळा ‘हाउडन’ किंवा त्याच्या कुळातला. गर रेषाळ, पाणी भरपूर, गोडी नावाला. हॅलोविनला (31 ऑक्टोबर) त्यात दिवा ठेवायचा, खायचा नाही. खाण्यासाठी तिथेच कोपऱ्यात तीन-चार वेगळ्या जाती असतात. ‘शुगर पाय’ छोटा, दोन-तीन किलोंचा, गर दाट आणि गोड. चौघांच्या घराला एक पुरतो. ‘सिंड्रेला’ लालसर केशरी, दाबून चपटा केल्यासारखा. दिसायला सुंदर, चव मध्यम, सूपला चालतो. पण आपल्याकडच्या लाल भोपळ्याच्या सगळ्यात जवळ जाणारा म्हणजे ‘फेअरीटेल’: खोल फाकी, बदामी-तपकिरी साल, आत गर्द केशरी गर. आपला लाल भोपळा बहुधा ज्या प्रजातीचा असतो त्याच प्रजातीचा हाही आहे, म्हणून भाजी, भरीत, घारगे सगळ्याला त्याची चव ओळखीची लागते. आठ-दहा किलोंचा असतो, तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून एक घ्यावा.

घेताना देठ आधी बघायचा. तो टणक, सुकलेला आणि निदान आठ-दहा सेंटिमीटर लांब हवा. देठ मोडलेला भोपळा कितीही छान दिसला तरी ठेवून द्या, कूज तिथूनच आत शिरते. नंतर देठाच्या भोवती आणि बुडाशी अंगठ्याने दाबून पाहा. कुठेही मऊ लागला तर नको. सालीला नख लावून बघा, ओरखडा उठून ओल दिसली तर फळ कोवळं आहे, टिकणार नाही. एका बाजूला पिवळट डाग असेल तर घाबरू नका, फळ त्या अंगावर जमिनीला टेकून वाढलेलं असतं एवढंच. उचलताना देठाला धरून उचलायचा नाही, दोन्ही हात खाली घालून उचलायचा. मुलं नेमकं देठालाच धरतात आणि भोपळा खाली आपटतो. घरी आणल्यावर गॅरेजच्या काँक्रीटवर थेट ठेवू नका, खाली पुठ्ठा किंवा फळी घाला. कोरड्या, थंड जागी अखंड भोपळा दोन-तीन महिने राहतो. कोरलेला मात्र उबदार हवेत तीन-चार दिवसांत मान टाकतो, म्हणून कोरायचा तो हॅलोविनच्या आदल्या दिवशी किंवा फार तर दोन दिवस आधी.

समुद्रावर जायचं असेल तर केली अव्हेन्यूच्या टोकाचा फ्रान्सिस बीच सोयीचा. गाडी आत नेण्याचे पैसे पडतात, पण स्वच्छतागृह आहे, बाकं आहेत आणि किनाऱ्याच्या कडेने डांबरी पायवाट आहे. बाबागाडी किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तर त्याच पायवाटेने चाला. पाण्यात मात्र पोहायला उतरू नका. पाणी ऑक्टोबरातही बर्फासारखं गार असतं, ओढ जबरदस्त, आणि शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी मोठी लाट वर चढते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हा इथला पहिला नियम. मॉस बीचच्या फिट्झगेराल्ड राखीव किनाऱ्यावर ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत खेकडे, तारामासे, समुद्रफुलं दिसतात. ओहोटीचं वेळापत्रक बघूनच जा, भरतीला तिथे बघण्यासारखं काही उरत नाही. शंखशिंपले उचलायला बंदी आहे, मुलांना आधी सांगून ठेवा.

मासे खाणाऱ्यांनी पिलर पॉइंट बंदरावर चक्कर मारावी. तिथे होडीवरून थेट मासळी विकतात. इथल्या खेकड्यांचा विक्रीसाठीचा हंगाम लवकरात लवकर नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होतो, तेव्हा जत्रेच्या दिवसांत खेकड्याची आशा धरू नका. रॉकफिश मिळाला तर घ्या: पांढरा, घट्ट, काटे मोठे, नारळाच्या कालवणात तुटत नाही. पाठीचे काटे टोचतात, साफ करताना ते आधी कात्रीने छाटा. बर्फाची पेटी घरून न्या.

जत्रेतलं खाणं मुख्यतः पम्पकिन पाय (भोपळ्याचं गोड सारण भरलेला भाजलेला पदार्थ), भोपळ्याचं आइस्क्रीम, लसणाचे फ्राइज आणि सॉसेज. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण रांगेत उभा राहतो. या ‘पाय’मध्ये दालचिनी-लवंगेचा मारा इतका की भोपळा शोधावा लागतो. डबा घरून नेणं उत्तम.

आणि आणलेल्या ‘फेअरीटेल’चे किंवा ‘शुगर पाय’चे घारगे. सालं काढून किसलेला भोपळा दोन वाट्या, दाबून भरलेला. चिरलेला गूळ एक वाटी. चमचाभर तुपावर कीस आधी एकटाच परता, त्याचं सुटलेलं पाणी आटू द्या, मगच गूळ घाला. गूळ पूर्ण विरघळला की गॅस बंद. इथेच बहुतेकांचं बिघडतं. पाणी न आटवता गूळ घातला तर मिश्रण पातळ राहतं, ते भागवायला कणीक वाढत जाते आणि घारगे चामट होतात. गुळाचा खडा राहिला तर तळताना तो तिथेच करपतो आणि घारग्याला भोक पडतं. मिश्रण कोमट झालं की चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दोन वाट्या. पाण्याचा थेंबही नाही. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं, आणि मळल्यावर ठेवून द्यायचं नाही, गूळ सुटून ते सैल होत जातं. तेलाचा हात लावलेल्या प्लॅस्टिकवर पुरीपेक्षा जाड थापायचे, हवी तर वरून खसखस दाबायची. तेल आधी चांगलं तापवून मग आच मध्यम ठेवायची. मोठ्या आचेवर बाहेरून लगेच काळपट आणि आत कच्चे राहतात, कारण गूळ कणकेच्या आधी रंग धरतो. एका वेळी दोनच सोडा, झाऱ्याने तेल वर उडवत राहा, टम्म फुगला की उलटा. गार झाल्यावर डब्यात भरा, आणि झाकण लावायच्या आधी खाली कागद घाला, नाहीतर वाफेने तळचे ओले होतात.