कॅम्पर उभी असताना फ्रीज: चालू ठेवावा, बंद करावा की खाली उतरवावा?

ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, १ जुलैला बंद होतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. ते तीन महिने आमची कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, नागपुरात मानेवाड्यातल्या घरासमोर उभी असते. त्याआधी नवतपातही ती उभीच, कारण त्या उन्हात गाडीत झोपायची हौस आता आमच्यात उरलेली नाही. दर वेळी घरात तोच वाद होतो: आतल्या बारा व्होल्टच्या फ्रीजचं काय करायचं?

शेजारचे काका म्हणाले होते, "राहू द्या ना चालू. सोलर आहे ना वर, काऊन घाबरता?" पहिल्या वर्षी मी तेच केलं. जुलैतली झड लागली, आम्ही गावाला गेलो आणि बारा दिवसांनी दार उघडलं. डब्यात राहिलेल्या सावजी तर्रीचा वास गादीपर्यंत पोचला होता. वास महिन्याभरात गेला, बॅटरी मात्र सुधारली नाही. त्यानंतर ती अर्धी रात्रही फ्रीज ओढेना.

आधी हिशोब बघा, मग पर्याय. साधारण चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज चालताना चार अँपियरच्या आसपास ओढतो. हिवाळ्यात तो निम्मा वेळ चालतो असं धरलं तरी दिवसाला चार गुणिले बारा तास, म्हणजे ४८ अँपियर-तास झाले. मे महिन्यात बंद गाडीत तो पाऊण वेळ घरघरतो, म्हणजे ७२. शंभर अँपियर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतून तिला इजा न करता निम्मंच वापरता येतं. म्हणजे एक दिवस, तोही मुश्किलीने. त्याच आकाराची लिथियम ऐंशी-नव्वद देते, तरी दोन दिवसांच्या पुढे नाही.

उरलेलं सोलर भरून काढेल, असं वाटतं. शंभर वॉटचं पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला २५ ते ३० अँपियर-तास देतं. टपावर तापलेलं पॅनल त्यातलंही थोडं खातं. दोनशे वॉट लावले तर हिवाळ्यातल्या ४८ ची जेमतेम तोंडमिळवणी होते, मेमधल्या ७२ ची नाही, आणि पावसाळी ढगात ती मिळकत तिसऱ्या हिश्शावर येते. शिवाय पॅनलला ऊन हवं म्हणजे अख्खी गाडी उन्हात हवी. गाडी उन्हात तापली की फ्रीज जास्त चालतो. कडुनिंबाखाली लावली तर फ्रीज खुश, पॅनल उपाशी. फ्लॅटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तर हा प्रश्नच मिटतो, तिथे सोलर शोभेला. दर शनिवारी पेंच-उमरेडकडे निघणारे असाल, दोनशे वॉटच्या वर पॅनल असेल आणि बॅटरी लिथियम असेल, तर मधले चार-पाच दिवस फ्रीज चालू ठेवा. तीन महिन्यांसाठी हा पर्याय माझ्या लेखी बाद आहे.

घरातून वायर ओढून चार्जरवर फ्रीज चालू ठेवणं पैशाच्या दृष्टीने महाग नाही. चार्जरमधला ऱ्हास धरून दिवसाला सुमारे एक युनिट जातं. युनिटला दहा रुपये धरले तर तीन महिन्यांचे नऊशे. पण अंगणातून भर पावसात जाणारी एक्स्टेंशन, विजांचा कडकडाट आणि घरात कुणी नाही, हे मला पटत नाही. लाइन कायमची आणि अर्थिंग नीट असेल, आणि फ्रीजमध्ये खरोखर काही ठेवायचं असेल, तर गोष्ट वेगळी. रिकामा डबा गार करत बसण्यात काय हशील?

म्हणून आम्ही बंद करतो. पण "बंद" या शब्दात एक खोच आहे. फ्रीजचं बटण बंद केलं तरी त्याचा डिस्प्ले, गाडीतला स्टीरिओ, गॅस डिटेक्टर, इन्व्हर्टरची लुकलुकणारी लाइट, सगळे थोडंथोडं पीत राहतात. सगळ्यांचं मिळून फक्त ५० मिलिअँपियर धरा. तासाला ०.०५, दिवसाला १.२, नव्वद दिवसांत १०८ अँपियर-तास. शंभरची बॅटरी काहीही न वापरता संपली. त्यामुळे फ्यूज काढा किंवा बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. शंभर-दोनशे रुपयांची पाना-पकड हे काम दोन मिनिटांत करते.

फ्रीजमध्ये बॅटरी वाचवणारा कट-ऑफ असतो, मग भीती कशाची, असं विचारणारे भेटतात. डॅनफॉसच्या, म्हणजे आताच्या सेकॉपच्या बीडी३५ कॉम्प्रेसरचं नेहमीचं सेटिंग १०.४ व्होल्टला बंद आणि ११.७ ला पुन्हा चालू असं आहे. लेड-ॲसिड बॅटरी १२.१ च्या आसपासच अर्धी झालेली असते. १०.४ ला ती वाचलेली नसते, गेलेली असते. पेटीसारख्या फ्रीजवर या कट-ऑफसाठी लो-मीडियम-हाय असा पर्याय असेल तर लेड-ॲसिडसाठी हाय ठेवा.

आता खरा निर्णय बॅटरीचा, आणि इथे दोन्ही जातींचे नियम उलटे आहेत. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवायची. अर्धवट ठेवली की प्लेटवर सल्फेट धरतं आणि ते घट्ट झालं की परत येत नाही. २५ अंशांना ती महिन्याला तीन-पाच टक्के आपोआप उतरते आणि दर दहा अंशांमागे हा वेग साधारण दुप्पट होतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, तेही सावलीतले. बंद गाडीच्या सीटखाली किती असतील, ते हात लावून बघा. तिथे चार्जर सतत लावून ठेवणंही निर्धास्त नाही. २५ अंशांना १३.६ व्होल्टचा फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारा दाब, बरा असतो, ४५ अंशांना तो चार-पाच दशांशांनी कमी हवा. साधा चार्जर हे जाणत नाही आणि बॅटरीतलं पाणी उडवत बसतो. म्हणून बॅटरी काढून घरात, कुलरच्या नव्हे तर भिंतीच्या सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी ठेवायची. महिन्यातून एकदा चार्ज करायची आणि डिस्टिल्ड वॉटर बघायचं.

लिथियम फॉस्फेटवाली अर्धी, फार तर साठ टक्के भरून ठेवायची. महिन्याला दोन-तीन टक्क्यांपलीकडे ती उतरत नाही, तीन महिने विसरलात तरी चालतं. मात्र भरलेली लिथियम भट्टीसारख्या गाडीत ठेवली की तिचं आयुष्य घटतं. बऱ्याच बॅटऱ्यांच्या कागदावर चार्जिंगची वरची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. त्यामुळे मेमध्ये सोलर कंट्रोलर जोडलेला ठेवला तर बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं राखण करणारं सर्किट, मध्येच हात वर करते आणि आपण वायरिंग तपासत बसतो. वजन निम्मं असल्याने तिला घरात नेणं कंबरेलाही परवडतं.

फ्रीज पेटीसारखा असेल तर मी बिनदिक्कत खाली उतरवायला सांगेन. त्याला घरच्या लाइनचा अडॅप्टर जोडता येतो आणि नवतपात दुसरा फ्रीज घरात कुणाला नको असतो? आमच्याकडे त्यात मठ्ठा, पन्हं आणि पाहुण्यांचा बर्फ असतो. गाडीत फर्निचरमध्ये बसवलेला असेल तर रिकामा करा, खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, गास्केटच्या घडीत बोट फिरवा (तर्री तिथेच लपते), दोन दिवस पंख्याखाली वाळू द्या आणि दार बोटभर उघडं राहील अशी खुंटी लावा. काही दारांच्या कडीला त्यासाठी वेगळी खाच असते. नागपूरच्या पावसाळ्यात बंद दाराआड आठ दिवसांत काळे ठिपके येतात. डांबरगोळ्या नकोत, पुढची सहल त्याच वासाची होते.

गॅस-बॅटरी-लाइन असा तीन तऱ्हांचा जुना फ्रीज असेल तर वाद नाहीच. बॅटरीवर तो आठ-दहा अँपियर न थांबता ओढतो. बंद करा, सिलिंडरचा कॉक फिरवा, मोकळे व्हा.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही बॅटरी बसवतो, व्होल्ट बघतो, फ्यूज लावतो आणि निघायच्या आदल्या रात्री फ्रीज घरच्या लाइनवर गार करून घेतो. सकाळी भाजी-दूधही घरच्या फ्रीजमधून गारच उचलून त्यात ठेवतो. गरम सामान गार करायचं काम बॅटरीकडे द्यायचं नाही, एवढ्यावर पहिल्या मुक्कामी बर्फ मिळतो.