२८० अक्षरांत डाउनी सांगायचा तर

तासगाव तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानात येणाऱ्या द्राक्ष बागायतदाराला तोंडी सांगतो तेच संध्याकाळी एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) लिहितो: हवामान, फवारणी, काय टाळायचं. त्यामुळे हा अभिप्राय पुढाऱ्यांच्या ट्विटांबद्दल नाही. मराठीत कामाचं लिहिणाऱ्याला कुठली अक्षरमर्यादा परवडते, एवढंच बघायचंय.

माझं मत आधीच सांगतो. मर्यादा हवी, आणि कडक हवी. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी तीन-चार पानांवर असताना पाऊस लागून राहिला की बागायतदाराची झोप उडते. त्याला तेव्हा डाउनीचा, म्हणजे द्राक्षावरच्या त्या बुरशीजन्य रोगाचा, इतिहास नको असतो, आज औषध मारायचं की थांबायचं ते हवं असतं. एक्सच्या २८० अक्षरांत लिहायला बसलं की पहिली कात्री ‘नमस्कार शेतकरी बांधवांनो’ला लागते. तिथंच २४ अक्षरं वाचतात. मग ‘सर्वसाधारणपणे’ जातं, ‘तज्ज्ञांच्या सल्ल्याने’ जातं (तज्ज्ञ समजूनच तर तो मला विचारतोय). उरतं ते बहुतेक वेळा आधीपेक्षा बरं असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी कात्री नाही, म्हणून तिथं सल्ला ‘अधिक वाचा’च्या खाली गाडला जातो आणि वर गुलाबाचं फूल राहतं.

आता तक्रार. ती मर्यादेबद्दल नाही, मोजणीबद्दल आहे. एक्सवर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं स्वतंत्र अक्षर म्हणून धरलं जातं. जोडाक्षरातला न दिसणारा हलंतसुद्धा. ‘द्राक्ष’ लिहा. डोळ्याला दोन अक्षरं, हिशेबात सात. ‘द्राक्षबागेत’ म्हणाल तर बारा. म्हणजे कागदावर २८०, हातात पडतात त्याहून बरीच कमी.

हे जुनंच दुखणं आहे. २००६ मध्ये ट्विटर सुरू झालं ते एसएमएसच्या मापानं: १६० अक्षरांतली २० नावासाठी राखून १४० मजकुराला. पण ते १६० इंग्रजीचं. मराठी एसएमएस ७० अक्षरांतच भरतो. हवामानाचे मराठी मेसेज तुकड्या-तुकड्यांनी यायचे ते यामुळेच. २०१७ च्या नोव्हेंबरात १४० चे २८० झाले. इंग्रजीतली ९ टक्के ट्विटं मर्यादेला टेकतात आणि जपानीतली ०.४ टक्केच, असं ट्विटरनंच तेव्हा सांगितलं होतं. म्हणून चिनी, जपानी, कोरियनला वाढ दिली नाही. त्यांचं एक अक्षर आजही दोन धरतात. लिपीप्रमाणे माप बदलता येतं हे त्यांना ठाऊक होतं तर. देवनागरीकडे मात्र कुणी वळून पाहिलं नाही.

ब्लूस्काय या एक्ससारख्याच माध्यमावर मर्यादा ३००. ऐकायला वीसच जास्त, पण तिथं काना-मात्रा अक्षरासोबतच मोजतात. ‘फवारणी’ एक्सवर सहा, इथं चार. तोच मसुदा इकडून तिकडे नेला की चांगली दोन वाक्यं वर बसतात. मॅस्टोडॉनवर नेहमीची मर्यादा ५००, आणि मोजणीही अशीच शहाणी. थ्रेड्सवरही ५००. माझ्या कामाला ५०० म्हणजे सैलच. तिथं पुन्हा ‘बांधवांनो’ शिरू लागतं. ३०० नेमकं बसतं. अडचण एवढीच की ब्लूस्कायवर आमच्या भागातलं कुणी भेटत नाही. तिथं लिहिलेलं वाचणार कोण?

एक गोष्ट मात्र कडक मर्यादेच्या विरोधात जाते आणि ती मी झटकणार नाही. औषध, लिटरला किती ग्रॅम, आणि पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर माल काढायला किती दिवस थांबायचं, ही तिन्ही एकत्रच हवीत. निर्यातीच्या मालात औषधाचा उर्वरित अंश सापडला तर खेळ खलास. थ्रेड, म्हणजे एकाला एक जोडलेल्या पोस्टची माळ, केला की पहिल्या तुकड्याचा स्क्रीनशॉट गावभर फिरतो आणि पीएचआय दुसऱ्या तुकड्यात पडून राहतो. म्हणून औषध आणि दिवस एकाच पोस्टमध्ये मावत नसतील तर मी औषधाचं नावच लिहीत नाही. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीची लिंक देतो. लिंक कितीही लांब असो, एक्स तिची २३ च अक्षरं धरतं. ही सोय खरंच चांगली.

काही जण मजकूर फोटोवर लिहून मर्यादा चुकवतात. तसं करू नका. तो शोधात सापडत नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन तो नीट वाचून दाखवेलच असं नाही. तसं करायचंच असेल तर फोटोच्या वर्णनात तोच मजकूर टाका, एक्सवर तिथं १००० अक्षरं चालतात.

राहिला पैसे भरून मिळणारा पर्याय. २०२३ मध्ये सशुल्क खात्यांना आधी ४,०००, मग १०,०००, मग २५,००० अक्षरं दिली. मी घेतलेला नाही. टाइमलाइनवर सुरुवातीचाच भाग दिसतो, बाकीचा ‘आणखी दाखवा’च्या मागे, म्हणजे पैसे भरून पुन्हा व्हॉट्सॲप ग्रुपच. शिवाय ज्याच्या खिशात पैसे त्याला लांबण लावायची मुभा आणि बाकीच्यांना कात्री, हे मला पटत नाही. मर्यादा असेल तर सगळ्यांना सारखी असावी.

तारे द्यायचे तर पाचांपैकी: एक्सच्या २८० ला तीन, उरलेले दोन मोजणीमुळे गेले. ब्लूस्कायच्या ३०० ला साडेचार. २५,००० ला एक, तोही पगारी लेखकांची सोय म्हणून. यंदाच्या ऑक्टोबर छाटणीचे सल्ले एक्सवरच टाकणार आहे, पण मसुदा आधी ब्लूस्कायच्या चौकटीत लिहून, मग तासून.